पॅकिंग

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
माझं शटर अर्धंच उघडतं, रूळ वाकलाय.
दुसऱ्यांच्या गाड्या सरळ करताना
तो राहूनच गेला.

आत साडेतीन गाड्या.
अर्धी म्हणजे नुसती चेसी,
जिचा मालक दर दिवाळीला फोन करून विचारतो,
'आली का रूपाला?'
मी म्हणतो, येतेय.

नटबोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत.
डब्यांवर चिकटपट्ट्या, प्राजूच्या दुसरीतल्या अक्षरात :
'पूढचे चाक', 'मागचे चाक', 'माहीत नाही'.
सगळ्यात जड डबा तिसरा.

या खेपेला येझदी आहे, एकोणऐंशीची,
कोलशेतच्या चिंतामण तरेंनी भंगारातून वजनावर घेतलेली.
काट्यावर त्या माणसानं पाय पण ठेवला, म्हणाले.
पिस्टन जाम.
आठ दिवस डिझेल पाजलं,
लाकडाचा ठोकळा ठेवून हलके हलके ठोकलं,
शिव्या दिल्या, मग माफी मागितली.
नवव्या दिवशी केसभर हलला.
त्या दिवशी मी दोन चहा जास्त प्यायलो.

मग डावं कव्हर खोललं.
किक आणि गिअर एकाच दांडीत असतात हिच्यात.
तिथलं पॅकिंग दुकानातलं नव्हतं,
कुणीतरी हातानं कापलेलं, जाड पिवळट पुठ्ठा.
रॉकेलच्या चिंधीनं पुसला
तर तेलाखालून लाल अक्षरं वर आली :
'चि. सौ. कां.'
मग बोल्टचं भोक.
मग 'मती'.
वर गणपती, फक्त सोंडेपुरता,
आणि कडेला 'आमच्या येथे श्रीकृ',
पुढे हवा.
नवरदेव दांडीला जागा देताना कापला गेला असणार.

तरे म्हणाले, इंदुमती.
कुंदा म्हणाली, सुमती,
आणि तुमचा तो कार्ब्युरेटर
आधी माझ्या डाळीच्या पातेल्यातून काढा.
राबोडीचे गफूरभाई सिलिंडर बोअर करून घेऊन आले,
चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले.
'नाव जाऊ दे रे. काम बघ.
एक थेंब गळू दिला नाही हिनं.'

मी त्या मेकॅनिकचा विचार करत बसलो.
लग्न कुणाचं? बहिणीचं? गिऱ्हाइकाचं?
की जेवून आला, पत्रिका खिशातच राहिली,
रात्री कुणाची गाडी अडली, दुकानं बंद,
आणि त्यानं पुठ्ठा कव्हरावर धरून
छोट्या हातोडीनं कडेकडेनं
ठक ठक ठक,
जसं आम्ही सगळेच करतो.

मलाही नवीन कापायचं होतं.
घरात पत्रिका शोधली. एकही नाही.
प्राजूनं रजिस्टर केलं, आमंत्रण मोबाइलवर,
दोन हत्ती नाचतात आणि सनई वाजते.
त्यातून कसं कापणार?

बाकड्यावर बिल्डरचं पुस्तक पडलं होतं,
या गाळ्यांच्या जागी जे उभं राहायचंय त्याचं.
छत्तीस मजले. मुखपृष्ठ चांगलं जाड,
त्यावर निळाशार तरणतलाव,
काठाला टॉवेल घेतलेली बाई, इथली वाटत नव्हती.
तेच फाडून कव्हरावर धरलं.
ठक ठक ठक.
तलावाचा काठ बरोबर क्लचभोवती बसला,
पाणी तेवढं खाली पडलं.

दोन्ही बाजूंना ग्रीस चोळलं,
बोल्ट समोरासमोरचे आवळले,
आणि शनिवारी संध्याकाळी, अकराव्या किकला,
दोन्ही नळ्यांतून धूर,
समोरच्या छपाईवाल्याची खोकत खोकत शिवी,
मग तो आवाज,
रिकाम्या पिंपात कुणी चणे भाजतंय असा.
तरे काहीच बोलले नाहीत.
रुमाल काढून टाकीवरचा
नसलेला डाग पुसत राहिले.

जुनं पॅकिंग खिळ्याला टांगलंय, वीजबिलांशेजारी.
'मती' बाहेरच्या बाजूला.

रविवारी सकाळी शटरखालून वाकून आत आलो,
गाडीखाली अंथरलेला पेपर पाहिला.
कोरडा.
एका कोपऱ्यात एक थेंब होता,
पण तो माझ्या चहाचा,
असं मी ठरवलं.